सोसायटीतल्या पोरांशी मोबाईलबद्दल बोलायचंय, काय बोलावं?

मुलुंडकरीण
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा आठवी ते बारावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी मोबाईल, सोशल मीडिया, ऑनलाइन फसवणूक या विषयावर कार्यक्रम ठेवायचं ठरलंय आणि मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते म्हणून तो माझ्याकडे आलाय. वेळ दीड तास, संध्याकाळच्या आरतीआधी. व्याख्यान अजिबात नको आहे. 'मोबाईलचे दुष्परिणाम' हा निबंध पोरांनी शाळेत इतक्यांदा लिहिलाय की झोपेत म्हणून दाखवतील.

माझं मत आधी सांगून टाकते, म्हणजे वाद घालायला बरं. वर्गातल्या मुलांकडून जे कानावर येतं त्यावरून मला वाटतं की रोज किती तास स्क्रीन हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न हा की उद्या काही विपरीत घडलं, कोणी फोटोवरून धमकावलं, पैसे गेले, ग्रुपवर कोणी छळ मांडला, तर हे मूल घरी येऊन सांगेल का? बरीच मुलं सांगत नाहीत आणि का नाही विचारलं की उत्तर ठरलेलं, "घरी कळलं तर मोबाईल काढून घेतील." समोरच्या भामट्याला हे पक्कं ठाऊक असतं, त्याचं दुकानच त्यावर चालतं. म्हणून घरोघरी आधी हा शब्द दिला गेला पाहिजे की तू येऊन सांगितलंस म्हणून तुझा फोन जाणार नाही.

पटतंय का? तुमच्याकडे काय चाललं, काय नाही चाललं? मुलांना खरोखर उपयोगी पडेल असं काय सांगू?

चारकोपवाला
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो, आत्ता बोरिवली स्लोमध्ये एका पायावर उभा आहे.

गिरगावकर_आजोबा
नाही पटत. दहावी होईपर्यंत फोन देऊच नये, विषय संपला. आधी हातात द्यायचा आणि मग शब्द देत बसायचं हा उलटा कारभार आहे. आमच्या वाडीत संध्याकाळी पोरं खाली असायची, आता जिन्यात बसून चार जणं चार मोबाईलमध्ये बघत असतात. एकमेकांशी बोलत सुद्धा नाहीत हो. वाईट वाटतं म्हणून लिहितोय, राग नाही कोणावर.

खिडकीतली_चिमणी
आजोबा, तुमची कळकळ समजते पण शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, क्लासची वेळ बदलली तर व्हॉट्सॲपवर, स्कूलबस बंद पडली तर व्हॉट्सॲपवर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळांनीच फोन पोरांच्या हातात दिला आणि तो परत गेलाच नाही. मी आणि नवरा दोघं विरारवरून चर्चगेटला, घरी यायला साडेआठ होतात. लेक क्लासवरून घरी पोचली हे मला फोनशिवाय कसं कळणार? न देणं हा पर्याय ज्यांच्या घरी कोणीतरी असतं त्यांच्यासाठी आहे.

चारकोपवाला
चिमणीताईंना +१.

धागाकर्त्या ताई, एक शंका. सांगितलंस तर फोन काढणार नाही हे ठीक, पण कार्टं रात्री अडीचपर्यंत गेम खेळत असेल तरी काढायचा नाही का? मग पालकांच्या हातात उरतं काय?

मुलुंडकरीण
नाही नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री अडीचच्या गेमसाठी घराचे जे नियम असतील ते असतीलच आणि ते मोडले तर जे ठरलंय ते होईलच. शब्द फक्त एवढ्यापुरता की मदत मागायला आलेल्या मुलाला आपण त्या मदत मागण्याची शिक्षा करणार नाही. मग ते ज्या गोष्टीत अडकलंय ती त्याने आपल्या नकळत केलेली का असेना. रागवा नंतर, आठवड्याने रागवा, पण त्या दिवशी नाही.

बारावी_ब
मी १७. हा धागा मुलांबद्दल आहे आणि इथे मूल बहुधा मी एकटीच आहे 😄

ताईंचं शंभर टक्के बरोबर. माझ्या ओळखीत जेवढ्यांचे पालक रोज फोन चेक करतात त्या सगळ्यांची दोन दोन अकाउंट्स आहेत, एक घरच्यांसाठी, त्यात मावशी काकू सगळ्या फॉलोअर आणि गणपतीचे फोटो, आणि एक खरं. म्हणजे चेक करून पालकांना नक्की काय दिसतं? जे आम्ही दाखवतो ते. आणि दुसऱ्या अकाउंटवर काही घाण झाली की ते अकाउंट आहे हेच सांगता येत नाही, मग सांगणार कोणाला.

अजून एक, जरा राग येईल कोणाला कदाचित. आमचे फोटो आम्हाला न विचारता फॅमिली ग्रुपवर, स्टेटसला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं बंद करा प्लीज. दहावीची मार्कशीट सीट नंबर, आईचं नाव, शाळेचं नाव सकट स्टेटसला असते आणि मग आम्हाला सांगतात पर्सनल माहिती कुठे देऊ नको. आधी विचारा, फक्त एवढंच. मग आम्हालाही दुसऱ्याचा फोटो टाकताना विचारायची सवय लागेल.

खिडकीतली_चिमणी
मार्कशीटचा मुद्दा कार्यक्रमात पालकांसमोर नक्की मांडा हो ताई. निकालाच्या दिवशी पाऊस असतो नुसता.

हिशोबनीस
मी बँकेत आहे, फ्रॉडच्या तक्रारी माझ्या टेबलावरून जातात, म्हणून हे जरा लांबण लावून लिहितो.

सोळा-सतरा-अठराच्या पोरांच्या बाबतीत सगळे गेम आणि रील्सवर बोलतात, पण सध्या मला जास्त काळजी वाटते ती अकाउंट भाड्याने देण्याची. होतं असं, कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा टेलिग्रामवर कोणीतरी भेटतो, म्हणतो तुझं बँक खातं दे, त्यात पैसे येतील ते तू पुढे पाठव किंवा एटीएम कार्ड आणि सिम आम्हाला दे, तुला दर महिन्याला इतके मिळतील. पोराला वाटतं यात काय, माझे तर पैसे जात नाहीयेत. ते पैसे कोणाच्या तरी आजीला डिजिटल अरेस्टची, म्हणजे खोटे पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर अटकेची, भीती घालून उकळलेले असतात. तक्रार होते, पैशाचा माग काढत पोलीस पहिल्यांदा पोचतात ते या पोराच्या खात्यावर. खातं गोठतं, नोटीस येते, काही वेळा दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्यातून येते आणि अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला आरोपी म्हणून उभं राहावं लागतं. याला म्युल अकाउंट म्हणतात. माझ्यासमोर बसलेल्या एका मुलाचे वडील परत परत एकच विचारत होते, "पण साहेब, त्याने चोरी कुठे केली?" काय सांगणार. मुलगा मान खाली घालून नखं कुरतडत होता, फी भरायची म्हणून केलं म्हणाला. चांगल्या घरातला, चांगल्या मार्कांचा मुलगा.

दुसरं टास्कचं काम. व्हिडिओला लाईक करा, हॉटेलला रिव्ह्यू द्या, घरबसल्या पैसे. सुरुवातीला शंभर-दोनशे खरंच जमा होतात, तिथेच विश्वास बसतो, मग "प्रीपेड टास्क" म्हणून आधी पैसे भरायला लावतात आणि ते परत काढायला अजून भरायला लावतात. मुलांना एकच वाक्य शिकवा, पगार मिळवण्यासाठी आधी पैसे भरावे लागत असतील तर ती नोकरी नाही.

यूपीआयचं तर इतक्यांदा सांगून झालंय तरी परत सांगतो, पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. पिन टाकायला सांगितला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार आहेत. जुनी पुस्तकं, सायकल, गेमिंगचा कंट्रोलर ऑनलाइन विकायला काढणारी मुलं यात जास्त फसतात.

आणि पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, त्याच वेळी, रडून झाल्यावर नाही, दुसऱ्या दिवशी नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात उड्या मारत असतात, तक्रार लवकर लागली तर मधल्या एखाद्या खात्यात ते थांबवता येतात. इथेच मुलुंडकरीण ताईंचा मुद्दा पैशात मोजता येतो बघा. मूल घरी सांगायला दोन दिवस घाबरलं की ते दोन दिवस चोराला मिळतात.

सांताक्रूझ_पूर्व
हिशोबनीस, मग कॉलेजच्या मुलाला खर्चायला पैसे द्यावेत कसे? रोख दिले तर वडापाववाला सुद्धा सुटे नाहीत म्हणतो.

हिशोबनीस
यूपीआय सर्कल म्हणून सोय आहे, २०२४ पासून. खातं तुमचं, मुलगा त्याच्या फोनवरून पेमेंट सुरू करतो आणि मंजुरी तुमच्या फोनवर येते, किंवा मग महिन्याची मर्यादा ठरवून द्यायची म्हणजे प्रत्येक वेळी मंजुरी नको. ती मर्यादा जास्तीत जास्त १५,००० आहे पण एवढी ठेवायची काही गरज नाही. नाहीतर सरळ वेगळं छोटं खातं आणि त्यात थोडेच पैसे. घराच्या मुख्य खात्याला जोडलेला यूपीआय मुलाच्या फोनवर ठेवू नका.

परळचा_डॉक्टर
बालरोगतज्ज्ञ आहे. तासांबद्दल पालक दवाखान्यात पहिलं हेच विचारतात म्हणून लिहितो.

अगदी लहानांसाठी आकडे स्पष्ट आहेत, दोन वर्षांखाली स्क्रीन नको (आजीआजोबांशी व्हिडिओ कॉल चालेल), दोन ते पाच मध्ये दिवसाला एक तासाच्या आत. किशोरवयीन मुलांसाठी असा एकच जादूचा आकडा नाही. कारण त्याच फोनवर ते फिजिक्सही बघतात आणि त्याच फोनवर रील्सही. मी पालकांना उलटीकडून मोजायला सांगतो. झोप किती झाली? १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास लागतात. दिवसाच्या उजेडात घराबाहेर किती वेळ होता? कारण डोळ्यांचा मायनस नंबर लागण्याचा आणि बाहेरच्या उजेडाचा संबंध आहे, मैदानात खेळणाऱ्या मुलांना त्याचा फायदा होतो. जेवताना घरातल्यांशी बोलतो का? मित्र प्रत्यक्ष भेटतात का? या चारांना धक्का लागत नसेल तर उरलेल्या वेळेवरून भांडू नका. लागत असेल तर कुठल्या वस्तूमुळे लागतोय ते शोधा, सगळा फोन एकदम गुन्हेगार ठरवू नका.

आणि 'व्यसन' हा शब्द जपून वापरा. गेमिंग डिसऑर्डर हे निदान डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये आहे, २०२२ पासून ती यादी लागू आहे, पण त्याला साधारण वर्षभर दिसणारा पॅटर्न लागतो, गेमवर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान होत असूनही थांबता येत नाही. सुट्टीत दिवसभर खेळला म्हणजे व्यसनी नाही. खरंच तशी शंका असली, किंवा मूल गप्प गप्प झालं, झोप उडाली, तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, फुकट आहे.

झोपेसाठी एकच उपाय मी आग्रहाने सांगतो, रात्री फोन बेडरूमच्या बाहेर.

लालबागची_पोरगी
डॉक्टर, सगळं मान्य पण आमची खोली दहा बाय बारा. बेडरूमच्या बाहेर म्हणजे कुठे, गॅलरीत? 😀

गंमत बाजूला, आम्ही काय केलं सांगते. फ्रिजच्या डोक्यावर एक एक्स्टेंशन बोर्ड ठेवलाय. साडेदहाला घरातल्या सगळ्यांचे फोन तिथे, माझा, नवऱ्याचा, सासूबाईंचा, दोन्ही पोरांचा. सगळ्यांचे म्हणजे सगळ्यांचे, त्याशिवाय पोरं ऐकत नाहीत आणि का ऐकावं त्यांनी. गजराचं कारण सांगत होते सगळे, तर दादर स्टेशनबाहेरून एक साधं गजराचं घड्याळ आणलं. पहिले काही दिवस सासूबाईंनाच सगळ्यात जास्त त्रास झाला, त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर रात्री अकरानंतरच गप्पा रंगतात. मग त्यांनी त्या ग्रुपवरच जाहीर केलं की मी आता सकाळी बोलेन. आता धाकटा स्वतःच ओरडतो "आजी, फोन!" तिला.

परळचा_डॉक्टर
फ्रिजच्या डोक्यावर! हे मी आता पेशंटना सांगणार, तुमच्या परवानगीने.

गिरगावकर_आजोबा
सगळ्यांचे फोन हे आवडलं. सांगलीकडे मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरातले टीव्ही मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. सगळ्या गावाने मिळून ठरवलं. मुंबईत का नाही होत असं?

चारकोपवाला
आजोबा, सातला भोंगा वाजला तर अर्धी मुंबई लोकलच्या दारात लटकलेली असते, मोबाईल बंद करायला हात कुठून मोकळा आणणार :)

पण "सगळ्यांनी मिळून" हा भाग उचलण्यासारखा आहे. एकट्या घराने नियम केला की पोरगं म्हणतं बाकी सगळ्यांना परवानगी आहे, मीच एकटा मागासलेला. आमच्या मजल्यावरच्या चार घरांनी ठरवलं की सातवीपर्यंत इन्स्टा नाही, मेसेजला साधा फोन. चौघांच्या पोरांना एकच नियम म्हटल्यावर भांडण अर्धं झालं.

सांताक्रूझ_पूर्व
तसंही इन्स्टाला १३ वर्षांची अट आहेच की. पण जन्मसाल खोटं टाकून देणारे आपणच. खोटं साल टाकलं की काय होतं माहितीये का, १३ ते १७ वाल्यांना जी टीन अकाउंट मिळतात, भारतात २०२५ पासून, ज्यात अकाउंट आपोआप प्रायव्हेट असतं, अनोळखी लोक मेसेज करू शकत नाहीत, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद, ते सगळं त्या मुलाला मिळतच नाही, कारण कागदावर तो २४ वर्षांचा बाप्या आहे. खरं वय टाकणं हेच पहिलं सेटिंग.

ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखाली सोशल मीडियाची अकाउंट्सच बंद केली. आपल्याकडे डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यात १८ खालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागणार आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई, पण अंमल टप्प्याटप्प्याने आहे. तोपर्यंत घरचं घरी बघायला लागणार.

बारावी_ब
पालकांना एक सांगू का, त्या टीन अकाउंटमध्ये पालक जोडले गेले तर त्यांना आम्ही गेल्या सात दिवसांत कोणाशी बोललो ते दिसतं, काय बोललो ते दिसत नाही. मला हे फेअर वाटतं. घरातून बाहेर पडताना आई विचारते कोणाबरोबर चाललीस, पण गप्पा काय मारल्या ते लिहून आण म्हणत नाही ना.

भांडुपची_ताई
मी सहसा फक्त वाचते. पण मुलुंडकरीण ताईंनी जे लिहिलंय ते आमच्या नात्यात घडलंय, म्हणून नावगाव काही न सांगता लिहिते, कदाचित कार्यक्रमात उपयोगी पडेल.

भाचा अकरावीत होता. एका मुलीच्या नावाच्या अकाउंटवरून रिक्वेस्ट आली, दोन-तीन दिवस छान गप्पा, मग व्हिडिओ कॉल. पुढचं तुम्हाला कळलं असेलच. कॉल संपल्या संपल्या त्याचाच व्हिडिओ त्याला आला आणि सोबत त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट, त्यात त्याच्या क्लासच्या सरांचं नाव, माझं नाव, त्याच्या आईचं नाव. तासाभरात पैसे टाक नाहीतर सगळ्यांना जाईल. त्याने साठवलेले होते तेवढे पाठवले. मग अजून मागितले. पोरगं जेवेना, बोलेना, आईला वाटलं परीक्षेचं टेन्शन. शेवटी तो माझ्याकडे आला. दारात उभा होता, चप्पल पण काढली नव्हती, आणि पहिलं वाक्य होतं "मावशी, तू आईला सांगणार असशील तर मी जातो." मी म्हटलं आत ये, आधी पाणी पी.

आम्ही काय केलं ते लिहिते. एक रुपयाही अजून द्यायचा नाही हे आधी ठरवलं, कारण पैसे दिले की सुटका होत नाही, मागणी वाढते. चॅट डिलीट करायचं नाही, सगळ्याचे स्क्रीनशॉट, त्या अकाउंटचं नाव आणि लिंक, ज्या यूपीआयवर पैसे गेले तो आयडी, व्यवहाराचे नंबर. हे काढून झाल्यावर रिपोर्ट आणि ब्लॉक. १९३० ला फोन आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. आणि फोटो व्हिडिओ पसरू नयेत म्हणून १८ खालच्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सोय आहे. तो व्हिडिओ आपल्या फोनमधून कुठेही जात नाही, फक्त त्याचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो आणि ज्या कंपन्या त्यात सामील आहेत, इन्स्टा फेसबुक वगैरे, त्या तो ठसा जुळला की काढून टाकतात. १८ च्या वर असेल तर तशीच 'स्टॉप एनसीआयआय' आहे. व्हॉट्सॲपच्या खाजगी मेसेजमध्ये याचा उपयोग होत नाही हे मात्र लक्षात ठेवा.

आईला त्याच संध्याकाळी सांगितलं, मी बरोबर बसले होते. ती रडली, मग त्याला जवळ घेतलं. फोन काढून नाही घेतला. आता बरा आहे तो, इंजिनिअरिंगला आहे.

मुलुंडकरीण
ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. आणि यातली एक गोष्ट मी आत्ताच कार्यक्रमासाठी लिहून ठेवली, आईवडिलांना सांगवत नसेल तर दुसरं कोण? प्रत्येक मुलाने एक मोठं माणूस मनात ठरवून ठेवावं, मावशी, काका, शाळेतल्या बाई, शेजारची ताई. आणि त्या माणसाला ते माहीत असावं.

वकील_कांदिवली
भांडुपच्या ताईंच्या प्रतिसादाला जोडून थोडी कायद्याची बाजू. पोलिसात जायला पालक घाबरतात, "पोराचं नाव होईल." मूल १८ च्या खाली असेल आणि लैंगिक स्वरूपाचा गुन्हा असेल तर पॉक्सो, २०१२ चा कायदा, लागतो. त्यात मुलाची ओळख माध्यमांनी उघड करायला बंदी आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि घेणारा गणवेशात नसावा असं कायद्यातच आहे. हे माहीत असलं की पाऊल उचलायला धीर येतो. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन पण आहे, मूल स्वतः फोन करू शकतं.

आणि मुलांना हे जरूर सांगा, कोणाचाही असा व्हिडिओ ग्रुपवर आला तर "बघा रे काय आलंय" म्हणून सुद्धा पुढे पाठवायचा नाही. १८ खालच्या व्यक्तीचं असं काही साठवणं, पाठवणं हा आयटी कायद्याच्या ६७ब खाली गुन्हा आहे आणि पाठवणारा वर्गमित्र असला तरी तो गुन्हाच. कित्येक पोरांना वाटतं आपण फक्त फॉरवर्ड केलं.

चारकोपवाला
वाचून गप्प झालो. ताई, तुमच्या भाच्याला शाबासकी सांगा, तुमच्या दारापर्यंत आला हे मोठं काम केलं त्याने.

थोडं अवांतर, गेमचं कोणी लिहिलं नाही म्हणून. पैसे लावून खेळायचे गेम २०२५ च्या ऑगस्टमधल्या कायद्याने बंद झाले, पण गेममधल्या बंदुका, कपडे, स्किन विकत घेणं चालूच आहे. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा आणि कार्ड सेव्ह ठेवू नका. आणि गेममधल्या अनोळखी टीममेटने "इथे नको, टेलिग्रामवर ये" म्हटलं की तिथेच थांबायचं हे पोरांना सांगा. खेळायला गेम पुरे आहे, बाहेर कशाला बोलावतोय हा?

बारावी_ब
मी माझ्याकडून सांगते जे मला खरंच उपयोगी पडलं, मोठ्यांनी लादलेलं नाही, स्वतः केलेलं.

यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद केली आणि जुनी पुसली. होमपेज चक्क रिकामं होतं, जे शोधाल तेच दिसतं. अकाउंट्सच्या परीक्षेआधी केलं होतं, मग तसंच ठेवलं. माणसांचे मेसेज सोडून बाकी सगळ्या नोटिफिकेशन बंद, "अमुकने बऱ्याच दिवसांनी पोस्ट केलंय" हे मला कशाला सांगता. व्हॉट्सॲपमध्ये प्रायव्हसीत ग्रुप्सला 'माय कॉन्टॅक्ट्स' केलं, म्हणजे अनोळखी लोक थेट ग्रुपमध्ये ओढू शकत नाहीत, आणि टू-स्टेप पिन लावला. लोकलमध्ये लेडीज डब्यात मैत्रिणीच्या फोनवर अनोळखी माणसाने घाणेरडा फोटो पाठवायचा प्रयत्न केला होता, नंबर वगैरे काही नाही, जवळच्या फोनला थेट पाठवायची सोय असते ना त्यातून. ते एअरड्रॉप किंवा क्विक शेअर 'फक्त कॉन्टॅक्ट्स' वर ठेवा, हे प्रत्येक मुलीला सांगा.

आणि एक, खूप मुलींना रील्स बघून बघून आपण जाड, काळ्या, बोअरिंग वाटतो. मी अशी सगळी अकाउंट्स अनफॉलो केली आणि 'नॉट इंटरेस्टेड' दाबत राहिले. आता माझ्या फीडमध्ये कुत्री, क्रिकेट आणि सीएची पोरं आहेत. मस्त चाललंय.

गिरगावकर_आजोबा
बाळ, छान लिहिलंस. माझं मत दहावीपर्यंत नको हेच आहे, ते काही मी बदलत नाही. पण भांडुपच्या ताईंचं वाचल्यावर माझ्या नातवाला मी आज फोन करणार आहे, काही झालं तर आजोबांना सांग म्हणून. तो पुण्याला असतो. ओरडणार नाही हे पण सांगेन.

मुलुंडकरीण
आजोबा 🙏

मंडळी, इतकं मिळालंय की दीड तास पुरायचा नाही. सध्या डोक्यात असं आहे. पहिला अर्धा तास मुलं वेगळी, क्लब हाऊसमध्ये. तिथे गोष्टी घेऊन बसायचं, "तुझ्या मित्राने खातं भाड्याने द्यायचं ठरवलंय, तू काय म्हणशील", "ग्रुपवर वर्गातल्या मुलीचा फोटो आलाय, तुझ्या बोटाने काय करशील". त्यांनीच बोलायचं. तेवढ्या वेळात खाली मंडपात पालकांशी वकीलसाहेबांनी आणि हिशोबनीसांनी लिहिलेलं बोलायचं, मार्कशीटचं, आणि तो शब्द द्यायचं. मग सगळे एकत्र, प्रत्येक घराने स्वतःचे दोन-तीन नियम कागदावर लिहायचे, मोठ्यांना पण लागू असतील असेच. शेवटी १९३०, १०९८ आणि १४४१६ प्रत्येकाने तिथल्या तिथे फोनमध्ये सेव्ह करायचे, स्टिकर वाटून काही होत नाही.

हिशोबनीस, खऱ्या टास्क फ्रॉडच्या मेसेजचे नमुने मिळतील का? नंबर, नावं झाकून.

हिशोबनीस
बँकेतले देता येणार नाहीत, पण मला स्वतःला असे मेसेज रोज येतात, ते देतो. इंग्रजीत "पार्ट टाइम, रोजचे इतके" वाले, मराठीतलेही आहेत हल्ली, भाषा इतकी चांगली असते की ओळखू येत नाही. मी रविवार असेल तर मुलुंडला येऊ पण शकतो.

बारावी_ब
ताई, मुलांना प्रश्न विचारायला गूगल फॉर्म ठेवू नका, सगळ्यांना वाटतं ईमेल दिसतो, कोणी खरं लिहिणार नाही. लिफ्टजवळ कागदी चिठ्ठ्यांचा डबा ठेवा, दोन दिवस आधीपासून. आणि कॅमेऱ्याच्या समोर नको.

मुलुंडकरीण
लिफ्टजवळ नेमका कॅमेरा आहे गं. जिन्यात पहिल्या मजल्याच्या वळणावर नाहीये, तिथे ठेवते. चिठ्ठ्या फक्त मी उघडेन आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून वाचताना माझ्या शब्दांत विचारेन, हे डब्यावर लिहून ठेवते. तुला यायला जमेल का? मुलांच्या गटात माझ्याबरोबर बसायला.

बारावी_ब
येते. आईला विचारते, ठाण्याहून मुलुंडला एकच स्टेशन आहे.